मांजरीला सांगायच्या गोष्टी

गाडीखाली

मला आधी त्याचे पाय दिसले. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या गाडीखालून बाहेर आलेले, एका बुटाची नाडी सुटलेली.

"गाडी बिघडलीय का?" मी विचारलं.

"गाडी ठणठणीत आहे. आत मांजर आहे," गाडीखालून आवाज आला. "एखादं जाड कापड मिळेल?"

माझ्या खांद्यावर गिऱ्हाइकाचा नवाकोरा पडदा होता. मी पडदे शिवते. तो पोचवायलाच निघाले होते.

दिला.

पडद्यात गुंडाळलेलं एक फिस्कारणं बाहेर आलं, आणि मी तिला ओळखलं. राखाडी, अर्ध्या कानाची. आई रोज मागच्या भिंतीपाशी हिला खायला घालायची. आई गेल्यावर मी घालू लागले, पण ही माझ्यासमोर कधी आली नाही. मी आत गेले की ताटली रिकामी व्हायची.

"तुमची आहे?"

"आईची," मी म्हणाले. "म्हणजे… कुणाचीच नाही."

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. प्राण्यांच्या दवाखान्याची व्हॅन चालवायचा तो. कपाळाला काळं ग्रीस लागलं होतं. मी सांगितलं नाही.

पलंगाखाली

मागचा एक पाय चिरडला होता; तो काढावा लागला. डॉक्टरबाई म्हणाल्या, हिच्यासाठी आता रस्ता संपला. माणसांत रुळली तर घर, नाहीतर जन्मभर पिंजरा.

माझ्याकडे एकच खोली रिकामी होती. आई गेल्यापासून मी तिचं दार उघडलं नव्हतं.

उघडलं.

व्हॅनवाल्याने पिंजरा जमिनीवर ठेवला, झडप वर केली — आणि ती तीन पायांवर सुसाट पलंगाखाली. भिंतीला चिकटून नाहीशी.

"आता?"

"आता बसायचं. तिच्याकडे पाठ करून. बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. नुसतं हळू बोलायचं."

"काय बोलू?"

"काहीही. तिलाच सांगा."

रोज संध्याकाळी काम सुटलं की तो यायचा. आम्ही दोघं जमिनीवर शेजारी शेजारी, पलंगाकडे पाठ, बंद दाराकडे तोंड. शिलाई मशीनच्या आवाजाने ती थरथरायची, म्हणून मी हातानेच शिवत होते.

"बाईसाहेब," तो दाराकडे बघत पलंगाखाली म्हणायचा, "तुमच्या मालकीणबाई आज जेवल्या का, विचारा जरा."

"बाईसाहेब, त्यांना सांगा, मी मालकीण नाही. आणि जेवले."

"काय जेवल्या?"

"चहा."

"चहाला जेवण म्हणायचं असतं का हो, बाईसाहेब?"

मी हसले, पण दाराकडे बघून.

एकदा भेटायला आलेल्या मावशीने दार ढकललं. दोघांची तोंडं बघितली आणि ती जागीच थबकली. "अगोबाई! भांडलात की शिक्षा झालीय?"

"श्श, मावशी. पलंगाखाली मांजर आहे."

"मांजर पलंगाखाली आणि घुम्यासारखी तुम्ही!" ती म्हणाली आणि दार हळूच ओढून घेतलं. जाताना मात्र माझ्याकडे नको तितका वेळ बघत होती.

पलंगाच्या कडेला

आईच्या कपाटाला आरसा आहे. त्यात पलंगाची कड दिसते. एका संध्याकाळी तिथे एक पंजा आला. मग नाक. मग वाटीला जीभ लागल्याचा आवाज…

आम्ही श्वास रोखून आरशात बघत होतो. मी पंज्याकडे. तो —

तो माझ्याकडे बघत होता. नजर भेटली आणि दोघांनीही ती घाईने दाराला लावली.

पुन्हा पलंगाखाली

चूक माझी. पाहुणी रुळतेय म्हटल्यावर मला हुरूप आला. खोली घासूनपुसून फिनाइलने लख्ख केली. पलंगाखालची चादर धुतली, उशीचा अभ्रा धुतला, पायपोससुद्धा.

तिने खाणं सोडलं. पाणीही.

व्हॅनवाला दारातच थांबला, एक खोल श्वास घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. "ती घासून घासून तिचा वास लावत होती सगळ्याला. तेवढंच तिचं घर होतं."

मी त्या धुतलेल्या अभ्र्याकडे बघत राहिले. आईच्या उशीचा अभ्रा. साबणाचा वास येत होता. नुसता साबणाचा.

"दवाखान्यात नेलं तर सलाइन लावतील," तो म्हणाला. "पण मग ती परत पिंजऱ्यातच. आणि या वेळी कायमची."

मी बाहेरच्या खोलीत जाऊन माझं कपाट उघडलं. तळाशी गाठ मारलेली पिशवी होती, ती घेऊन आले. आत आईचा स्वेटर, न धुतलेला. कधी फारच झालं की मी गाठ सोडायचे, एक श्वास घ्यायचे, पुन्हा घट्ट बांधायचे. हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मावशीलाही नाही.

त्याला सांगितलं. म्हणजे, मांजरीला सांगितलं. पण मोठ्याने.

"बाईसाहेब," तो म्हणाला. "त्यांना सांगा, देऊ नका. एकदा तुम्ही त्यावर बसलात की त्यांच्या आईचा वास राहणार नाही. आपण दुसरं काहीतरी बघू."

"बघायला वेळ आहे का?"

त्याने भरलेल्या वाटीकडे पाहिलं.

मी गाठ सोडली. एकच श्वास घेतला, लांब… आणि स्वेटर न बघता मागे सरकवला.

पाठ करून बसलो. अंधारत गेलं, दिवा लावायलाही कुणी उठलं नाही. मग लोकरीवर नखांची खरखर. एक पंजा, दुसरा पंजा, जसं पीठ मळावं तसं. आणि मग तो आवाज, घशातला, गंजलेल्या मशीनसारखा. मी तो कधीच ऐकला नव्हता. आईने रोज ऐकला असेल.

वाटी वाजली.

मी रडत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त जमिनीवरचा त्याचा हात सरकला आणि माझ्या हाताला टेकून थांबला.

रिकाम्या पलंगाखाली

मग खोलीचं दार अर्धवट उघडं राहू लागलं. मशीनचा आवाजही तिला चालू लागला. आम्ही मात्र सवयीने तिथेच बसायचो.

"बाईसाहेब," तो एका संध्याकाळी म्हणाला, "तुम्ही रुळलात. उद्यापासून मला यायचं काही कारण नाही." आणि तो उठला. सुटलेली नाडी बांधायला वाकला. ती नाडी नेहमीच सुटलेली असायची.

मी दाराकडेच बघत राहिले. "बाईसाहेब… त्यांना सांगा, कारण लागत नाही. सांगा, त्यांचा आवाज कानावर पडला नाही तर या घरात कुणीतरी जेवणार नाही. आणि ते कुणीतरी तुम्ही नाही —"

बाहेरच्या खोलीत धप्प झालं.

आम्ही दोघांनी फटीतून पाहिलं. माझ्या मशीनवर, कुणाच्या तरी अर्धवट शिवलेल्या पडद्यात, ती आरामात पाय चाटत बसली होती.

त्याने वाकून पलंगाखाली पाहिलं. तिथे नुसता स्वेटर होता.

"बाईसाहेब तर बाहेर आहेत," तो म्हणाला. "मग तुम्ही कुणाला सांगत होतात?"

मी दाराकडची नजर काढली. वळले.

"तुम्हाला."

नाडी तशीच सोडून तो खाली बसला. या वेळी माझ्याकडे तोंड करून.