अप्पांचं चाक

लातूर जिल्हा होऊन आठ महिने झाले होते आणि धड पाऊस होऊन त्याहून जास्त. नव्या हापिसांच्या जीपा टँकरमागं गावोगाव फिरायच्या आणि प्रत्येक जीपला पुढं एक छागळ लटकलेली असायची. पाणी गार ठेवणारी ती जाड कापडाची पिशवी शिवावी तर शरणप्पानंच, असं लातूरची अख्खी गंजगोलाई पेठ म्हणायची. शरणप्पा म्हणजे माझे अप्पा.

अप्पा पायमशीनवर शिवायचे. डावा पाय जरा अधू, म्हणून आवाज यायचा खट-खटक, खट-खटक. त्या आवाजात मी पाढे पाठ केले, रुसले, झोपले. मागच्या साली त्यांनी सोलापूरच्या कारखान्यातली जुनी मोटरची मशीन आणली, तेलपाणी केलं आणि तिच्यावर एक टाकाही न घालता गेले.

पायमशीनवर जाड कापड ओढण्याइतका जोर आईच्या पायांत नव्हता, आणि मोटरवर बसली की ती मशीन नुसती उधळायची. एकदा तर सुई नखातून आरपार. अप्पांचे उदगीरचे भाऊ मलप्पाकाका म्हणाले, हातातल्या छागळी रविवारपर्यंत झाल्या तर ठीक, न्हाईतर मशीन उदगीरला नेतो, बाईमाणसाला झेपणारी न्हाई ती.

मला असा राग आला म्हणता! नववीत विज्ञानात पहिली होते मी. मोटरच्या बारक्या पुलीनं एक मोठं चाक फिरवायचं आणि त्या चाकाच्या आसावरच्या बारक्या पुलीनं मशीन. वेग उतरतो, जोर उलट वाढतो. आणि मोठं चाक घरातच होतं, अप्पांच्या पायमशीनचं.

मोटरची मशीन पायमशीनच्याच सांगाड्यावर चढवली आणि लेथवाल्या चन्नबसप्पांनी चाकाच्या आसावर पुली बसवून दिली. चाकाला पायडल जोडणारी दांडी मी स्वतः सोडवली, नाहीतर मोटरबरोबर तेही उगाच खालीवर झालं असतं. दांडी दप्तरात टाकली. आईनं चप्पल उंबऱ्याबाहेर काढली, अप्पा लावायचे तशी चाकाला विभूती लावली आणि बसली.

मशीन नांगराच्या बैलासारखी चालली. टाके मोजून घ्यावेत इतकी हळू, पण चार पदरांतून सुई कुठं अडली नाही. मी नाचलेच. कित्येक महिन्यांनी आई हसली.

मग ऐकू आलं. खट-खटक.

मी म्हणाले, पट्टा सैल असेल. ताणला. आवाज तसाच.

"राहू दे गं," आई म्हणाली. मान वर केली नाही.

शनिवारी दुपारी शेवटची छागळ मशीनवर होती आणि लाईट गेली. पंखा थांबला. मोटरची घरघर विझली. पलीकडची गिरणी गप्प झाली.

टाके पडतच होते.

मी खाली वाकले. आईनं दोन्ही पाय स्टुलाच्या आडव्या पट्टीवर उचलून घेतले होते, कुणाला जागा करून द्यावी तसे.

अप्पांचं पायडल खालीवर होत होतं. डावीकडं जरा हलकं.

मी दप्तर उघडलं. दांडी आत होती.

रविवारी काका आले. छागळीची शिवण बोटानं चाचपत बराच वेळ उभे राहिले. मशीन इथंच राहू दे म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

संध्याकाळी आईनं मला हाक मारली.

"ती दांडी बसव बघू परत. दांडीबिगर त्यांच्या पायाला लई जोर पडायलाय."

तिच्या हातात कोमट तेलाची वाटी होती.