सातवी खोबण

दार नीट ओढून घे रे, सगळी ऊब चाललीय बाहेर. पहाटे क्रौंच बघायचेत, गपचूप झोपावं माणसानं, तर तुम्हाला गोष्ट पाहिजे! बरं, ऐका. पण मध्ये फिदीफिदी हसायचं नाही. ही माझ्या मित्राची, काल्यूची हकिगत आहे. इथला रखवालदार तो. मागच्या हिवाळ्यात गेला, जाण्याआधी मला सगळं सांगून.

आज दलदलीत उतरताना तुम्ही दाराबाहेरच्या त्या आडव्या फळीतून काठ्या घेतल्यात आणि आल्यावर ज्याच्या त्याच्या खोबणीत उभ्या केल्यात. खोबणी बारा, आणि काल्यूच्या वेळी काठ्याही बारा. वरचं शेवाळ गादीसारखं दिसतं, पण खाली काळं पाणी आहे. काठी टेकल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि संध्याकाळी एखादी खोबण रिकामी असली, की समजायचं, माणूस आत आहे. तो येईपर्यंत रखवालदारानं हलायचं नाही. काल्यूनं एकवीस वर्षं ते पाळलं.

तारीख सांगतो. चौदा ऑक्टोबर, दोन हजार सतरा. शनिवार. दुपारी एर्ना म्हातारी क्रॅनबेरी वेचायला आत गेली. अठ्ठ्याहत्तरची होती, पण चालायला लागली की आम्ही मागे पडायचो. तिची काठी ठरलेली, सातवी. वर लाल लोकर गुंडाळलेली.

सव्वासहाला अंधार पडला. सातवी खोबण रिकामी. काल्यूनं दोन हाका मारल्या. आतून एक क्रौंच ओरडला, बस्स.

तेवढ्यात मी गाडी घेऊन आलो. शनिवार म्हणजे सौनाचा दिवस, माझी वाफेची खोली चार वाजल्यापासून तापत होती.

"काल्यू, चल की लवकर! दलदलीशी दुसरं लग्न लावलंयस काय?"

"एर्नाची काठी नाही आली, तोइवो."

"अरे, मागच्या वाटेनं गेली असेल घरी, काठी टेकत. तुझ्या जन्माच्या आधीपासून हिंडतेय ती इथं!"

"खोबण रिकामी सोडून कसा येऊ? सकाळी साहेब येणार आहेत तपासणीला."

"मग भर ना खोबण!"

मी गमतीनं म्हणालो रे. पण तो हसला. तिथलीच बर्चची फांदी तोडली, साल सोलली आणि ती पांढरी काठी सातव्या खोबणीत ठोकून बसवली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

सौनात तो सारखा दाराकडे बघत होता. अकराला घरी निघाला. वाटेत एर्नाचं घर लागतं. खिडकीत दिवा नव्हता, धुराडं थंड. झोपली असेल, असं त्यानं मनाला समजावलं. पण अंथरुणावर पाठ टेकेना. शेवटी उठला आणि कंदील घ्यायला इथं आला. याच खोलीत.

रात्रीचा एक वाजून वीस मिनिटं. वारा नव्हता. तो दाराकडे वळला, आणि फळ्यांच्या वाटेवर आवाज आला.

टक्...

टक्... टक्...

काठीचा आवाज. त्याला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आली एकदाची म्हातारी! कडीला हात घातला. आणि आठवलं... ती पांढरी काठी.

आता ती बघणार. सकाळी गावभर सांगणार. काय तोंड दाखवू? दोन मिनिटं गप्प राहू, ती जाईल, मग काढून टाकू काठी. असा विचार केला त्यानं. हात कडीवरच राहिला.

आवाज खोबणींच्या फळीपाशी थांबला.

ठक.

लाकडावर लाकूड.

ठक. ठक.

खोबण भरलेली. काठी आत जाईना.

काल्यू कडी धरून तसाच उभा...

ठक...

मग बराच वेळ काही नाही.

मग पुन्हा टक्... टक्... पण गावाकडे नाही रे. आत. दलदलीकडे. लांब... लांब...

त्यानं दार उघडलं नाही. तेव्हाही नाही.

सकाळी ती सापडली. अर्ध्या किलोमीटरवर, पाइनच्या खोडाला टेकून बसलेली. टोपली भरलेली, काठी मांडीवर. डॉक्टर म्हणाले, मध्यरात्रीच्या बऱ्याच आधी गेली. संध्याकाळीच कुणी आलं असतं, तर वाचली असती.

माणसं जमायच्या आत काल्यूनं ती पांढरी काठी उपटून या चुलीत घातली. एर्नाची मुलगी पिरेत आली. तिनं विचारलं, "खोबण नाही बघितलीत?"

काल्यू म्हणाला, "भरलेली होती. ती बाहेर आली असणार, आणि काठी घेऊन पुन्हा शिरली असणार."

पिरेतनं मान खाली घातली. शोधायला आलेल्या एकेकाजवळ गेली आणि म्हणाली, "आईनं नियम मोडला, तुम्हाला त्रास झाला, माफ करा." माझ्याजवळही आली. मी हातात कॉफीचा कप धरून उभा होतो. म्हणालो, "चालायचंच, पोरी."

चालायचंच! लाज वाटते रे. अजून गावात एर्नाचं नाव निघालं की म्हणतात, हट्टी बाई, स्वतःच्या चुकीनं गेली. आणि मी मान डोलावतो. फांदी तोडली तो चाकूसुद्धा माझाच होता. तोच हा, ज्यानं आता पाव कापला.

काय म्हणालास? पिरेतला सांगितलं का?

...

लाकूड टाक एक चुलीत.

त्या रात्रीनंतर सातव्या खोबणीच्या कडेला खळगे पडले होते, काठीच्या टोकाएवढे. काल्यूनं ते घासून काढले. या वसंतात मी ती फळीच बदलली. कोरी, पाइनची. सातवीत काठी ठेवलीच नाही, आज तुम्हाला अकराच दिल्या मी. खोबण मोकळी आहे, तिला काठी ठेवता यावी म्हणून.

आज सकाळी तुम्ही यायच्या आधी बघून आलो. कडेला पुन्हा गोल खळगे. पाच-सहा. ओले होते.