तीन पाण्यांनी धुतलेलं कोकोपीट

गादीवाला टेप घेऊन शेडमध्ये शिरला, तेव्हा टिकली मेलेली रोपं ट्रेमधून उपटून बादलीत टाकत होती.

"ताई, हे टोक जरा धरता का?" असं म्हणत त्यानं टेप तिच्या हातात दिलीसुद्धा. टिकलीनं धरली. आत्याची रोपवाटिका गुंडाळून इथं गाद्यांचं गोदाम होणार आणि त्याची मापं घ्यायला आपणच मदत करतोय, हे तिच्या डोक्यात शिरलं तोवर गादीवाला पार पलीकडच्या भिंतीला पोचला होता.

"मावतील का हो गाद्या?" तिचा धाकटा भाऊ ओरडला. त्याला हळू बोलणं जमतच नसे, म्हणून घरात त्याचं नाव भोंगा.

"मावतील म्हणजे? लोळतील," गादीवाला खूश होऊन म्हणाला.

टिकलीनं टेप सोडून दिली. ती सुर्रकन जाऊन त्याच्या बोटांवर आपटली. "सॉरी हं, निसटली," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडे बघून कुणालाही ते खरं वाटलं असतं.

सुट्टीला आत्याकडे यायचं म्हणजे खरबुजाच्या हिरव्यागार रोपांच्या रांगांमधून पळायचं, असं ठरलेलं होतं. यंदा रांगा होत्या, हिरवं काही नव्हतं. आत्यानं या हंगामात दोनदा बी टोकलं. दोन्ही वेळा रोपं आली, दोन गुबगुबीत पानं उघडली, मग पानांच्या कडा इस्त्री लागल्यासारख्या करपल्या आणि सगळी मान टाकून झोपली. बियाणंवाला म्हणाला, ऊन फार. आत्याचे दीर म्हणाले, बी भिकार. आत्यानं तिन्ही शेड गादीवाल्याला द्यायचं कबूल करून टाकलं. बियाण्याच्या डब्यात तळाशी जे काही उरलं होतं, त्याला ती हातही लावत नव्हती.

"रोप वरून मरत नाहीये," आत्याचा मुलगा बादलीत डोकं घालून म्हणाला. हा सगळ्यांच्या चुका काढायचा, म्हणून मास्तर. "हे मूळ बघ. टोक जळक्या वातीसारखं झालंय. म्हणजे लफडं खाली आहे. मातीत."

"ट्रेमध्ये माती नसते," टिकली म्हणाली. मास्तरची चूक काढायला मिळाली की तिला जेवण गोड लागायचं. "कोकोपीट असतं. नारळाच्या काथ्याचा भुसा. त्यात गांडूळखत आणि ते थर्माकोलसारखे पांढरे दाणे."

"पर्लाइट म्हणतात त्याला."

"तेच ते. तिघांपैकी एक चोर आहे. वेगवेगळं लावून बघू."

"बी कुठून आणणार? आई डब्याला हात लावू देणार नाही."

भोंगा तेव्हा खरबुजाची फोड खात होता. दोघांनी एकदमच त्याच्याकडे बघितलं.

"खाल्लेल्या फळाच्या बीला पुढं कसलं फळ येईल ते सांगता येत नाही," मास्तर म्हणाला.

"आपल्याला फळ कुठं हवंय? आपल्याला मरायला रोपं हवीत," टिकली म्हणाली आणि भोंग्याच्या ताटातल्या बिया धुवायला घेऊन गेली.

चहाचे कागदी कप जमवले. एकात नुसतं कोकोपीट, एकात नुसतं गांडूळखत, एकात पर्लाइट, एकात वाळू, एकात अंगणातली माती आणि शेवटी आत्याचं नेहमीचं मिश्रण. पाण्याचं खातं भोंग्याकडे दिलं आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. त्यानं इतक्या मायेनं पाणी घातलं की कपांची डबकी झाली. खाली भोकं पाडायचं कुणालाच सुचलं नव्हतं. सगळ्या बिया कुजल्या. चोर आणि साव एकाच तुरुंगात मेले.

"मला वाटलं तहान लागली असेल," भोंगा म्हणाला. पहिल्यांदाच हळू आवाजात.

तिकडे पहिल्या शेडमध्ये गाद्या यायला लागल्या होत्या. टिकलीला पुन्हा काही करावंसंच वाटेना. मास्तरनं आणखी एक खरबूज आणून भोंग्यापुढे ठेवलं. "खा. बिया गिळू नकोस."

या वेळी सुईनं भोकं पाडली. या वेळी कप बोलले. गांडूळखतातलं रोप भसकन वाढलं आणि बुडाशी सडून आडवं झालं. मातीतलं जगलं, पण माती विटेसारखी घट्ट बसली. रोप काढायला गेल्यावर मुळं तुटून आत राहिली. पर्लाइटमधलं जिवंत होतं, पण उपाशी आणि पिवळं. वाळूतलं बरं होतं, फक्त कप उचलला की सगळी वाळू सांडून मूळ उघडं पडायचं. आणि कोकोपीटमधल्या रोपाच्या पानांच्या कडा करपल्या. आत्याच्या मिश्रणातल्याचंही तेच.

"सापडला," मास्तर म्हणाला. "पण कोकोपीटशिवाय चालणारही नाही. पाणी धरतं, मूळ धरतं आणि ट्रेमधून अख्खा गठ्ठा बाहेर येतो."

"मग ते जाळतंय का?"

"काथ्या खाऱ्या पाण्यात कुजवतात. मीठ राहतं त्यात. म्हणून ते धुवून घ्यायचं असतं. आणि धुतं कोण?"

धुवायचे आत्याचे दीर. प्रत्येक काम फटाफट उरकायचे, म्हणून फटाफटकाका.

"तीन पाण्यांनी धुतो मी," काका छाती काढून म्हणाले. "नवरीची साडी धुणार नाही कुणी इतकं. माझ्यावर संशय घेता होय रे, दीडशहाण्यांनो?"

पोरांनी दुरून पाळत ठेवली. काका खोटं बोलत नव्हते. एक टब, दुसरा टब, तिसरा टब, प्रत्येक वेळी वरच्या पिंपाचा नळ सोडून पाणी. पोरांची तोंडं उतरली. मग भोंग्याला तहान लागली. त्यानं त्याच नळाला तोंड लावलं आणि थुंकला.

"काय खारट आहे हे!"

घरातल्या नळाचं पाणी तर गोड होतं. टिकलीनं तिसऱ्या टबाच्या मोरीकडे बघितलं, मग वरच्या पिंपाकडे. मोरीचा पाइप भिंतीमागे कुठं जात होता ते दिसत नव्हतं. काका चहाला गेले, तेव्हा तिनं मास्तरच्या रंगपेटीतला निळा रंग, अख्खा, त्या मोरीत पाण्याबरोबर सोडून दिला.

"माझं आकाश रंगवायचं राहिलंय," मास्तर कळवळला.

"ढगाळ काढ."

दुसऱ्या दिवशी आत्या गादीवाल्याशी बोलत उभी होती. टिकली काकांना लाडीगोडी लावत म्हणाली, "काका, यांना दाखवा ना, तुम्ही कसं धुता. नंतर कुणाला बघायला मिळणार आहे?"

काका विरघळले. बाह्या सरसावून त्यांनी दाबलेल्या कोकोपीटची वीट टबात ठेवली. "हे बघा, साहेब. एकदम ताजं पाणी." आणि त्यांनी नळ सोडला.

नळातून निळं पाणी आलं. काकांचे हात कोपरापर्यंत निळे झाले, तरी ते नळ बंद करायचे विसरले.

"ताजं आहे का हो हे?" गादीवाल्यानं अदबीनं विचारलं.

भिंतीमागं काकांनी खड्डा करून एक मोटर बसवली होती. धुतलेलं पाणी खड्ड्यात जाई, मोटर ते पिंपात चढवी, पिंपातून ते पुन्हा टबात. पहिल्या विटेचं मीठ दुसरीला, दुसरीचं तिसरीला. पाणी तीनदा बदलत होतं आणि एकदाही बदलत नव्हतं.

"भावजी, हे कधी केलंत?" आत्यानं विचारलं.

"तुम्हीच ओरडला होता ना, वहिनी, पाणी किती घालवता म्हणून. मग जुळवून टाकलं फटाफट. तुम्ही खूश होता, म्हटलं कशाला सांगा."

आत्या रिकाम्या क्रेटवर बसली. "हो. मीच ओरडले होते," ती म्हणाली. ती काकांना एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं काकांच्या तोंडाकडे बघून टिकलीला वाटलं.

चोर पकडला तरी चोरीचा माल परत मिळाला नव्हता. नेहमीचे मळेवाले कंटाळून दुसरीकडून रोपं घेऊन गेले होते. तिसऱ्यांदा टोकायचं म्हटलं, तर डब्यातलं बी जेमतेम एका ट्रेपुरतं. तरी आत्यानं डबा उघडला. काकांनी मोटर काढून टाकली आणि घरच्या नळाच्या पाण्यानं कोकोपीट धुतलं. निथळलेलं पाणी भोंगा जिभेला लावून बघे. तो मान हलवी आणि काका पुन्हा धुवत. अखेर भोंगा म्हणाला, "कसलीच चव नाही." काकांना इतकी शाबासकी जन्मात मिळाली नव्हती.

रोपं आली, पण सगळी नाही. टिकली रोज सकाळी ट्रेपाशी जाताना डोळे अर्धवट मिटून जायची. दोन शेड गाद्यांनी भरले. पानांच्या कडा आज करपतील, नाहीतर उद्या, असं तिला वाटे. मग दोन पानांच्या मधून तिसरं, खरं पान निघालं. खरखरीत आणि हिरवं. कुणी काही बोललं नाही. उगाच नजर लागायची.

नेहमीच्या मळेवाल्यांपैकी मिशीवाले मामा तेवढे आले. त्यांच्या मळ्याचा एक तुकडा उशिरापर्यंत नांगरायचा राहिला होता. त्यांनी ट्रेच्या खालून बोटानं एक रोप वर ढकललं. कोकोपीटचा गठ्ठा अख्खा बाहेर आला आणि त्याच्याभोवती पांढऱ्या मुळांची जाळी.

"असं मूळ बऱ्याच दिवसांत बघितलं नाही," मामा म्हणाले. "कुणी केलं?"

"या तिघांनी," आत्या म्हणाली. "आम्ही मोठ्यांनी नुसती मारली." तिनं भोंग्याच्या डोक्यावर हात ठेवला, मास्तरच्या खांद्यावर एक धपका दिला. टिकलीकडे नुसतं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"एवढीच आहेत? मला तर आणखी लागतील."

"यंदा एवढीच. बीच संपलं."

मामा तो एकुलता ट्रे मांडीवर घेऊन गाडीत बसले. शेड पुन्हा रिकामा झाला. तेवढ्यात गादीवाल्याचा टेम्पो दारात लागला. दोन हमाल गादी डोक्यावर घेऊन तिसऱ्या शेडकडे निघाले.

आत्या दारात आडवी उभी राहिली. "इथं नाही," ती म्हणाली. "दोन शेडमध्येच बसवा."

"अहो ताई, तीन ठरले होते. कशा मावतील?"

"उभ्या लावा," आत्या म्हणाली आणि ट्रे धुवायला आत गेली.