मुकी विळी

विळी घ्यायची तर आधी पातं वाजवून बघावं, असं आमच्या तानूवहिनीचं म्हणणं. नखानं टिचकी मारायची. खण्ण वाजलं तर पाणी नीट दिलेलं, बद्द वाजलं तर कच्चं लोखंड, आणि फारच किणकिणलं तर पहिल्याच शेवग्याला तुकडा उडणार. मग पातं पाटात बसवलंय ती खोबण बघायची. लाख भरून फट बुजवली असेल तर लोहाराला नमस्कार करून पुढं जायचं. टोकाला खवणी असलेली विळी कोकणातल्या बायांनी घ्यावी. आमच्या खानदेशात नारळ दिसतो तो देवळात, तोही दुसऱ्यानं फोडलेला. आणि शेवटची पारख वांग्यावर. वांगं नुसतं पात्यावर टेकवायचं, दाबायचं नाही. साल आपण होऊन उकलली तर विळी घरी आणायची.

आमच्या सोनगीरच्या आसपास कुणाच्या घरात लग्न निघालं की भांडी घ्यायला पुरुष जात आणि विळी घ्यायला आमच्या वहिनीला नेत. मगनदादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, त्याचा मोठा अभिमान. तो म्हणायचा, "हिनं नवरासुद्धा टिचकी मारूनच घेतला." वहिनी म्हणायची, "मारली होती. बद्द वाजला. पण तोवर अक्षता पडून गेल्या होत्या."

हे एकोणीसशे आठ सालच्या चैत्रातलं. मी त्या वर्षी गाडी जुंपून वहिनीला आणि मायला धुळ्याला एकवीरेच्या जत्रेला नेलं. वहिनीला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. पांझरेच्या वाळूत दुकानं लागली होती. देवीला नारळ दिला आणि वहिनी सरळ चिंधा लोहाराच्या पालाकडं निघाली. आमची घरची विळी झिजून चंद्रकोर झाली होती.

चिंधानं तरटावर विळ्यांची ओळ मांडली होती. वहिनीनं एकेक वाजवली. कडेच्या एका विळीला टिचकी मारली, आणि आवाजच आला नाही. खण्ण नाही, बद्द नाही. बोट कापसावर पडावं तसं. तिनं पुन्हा मारली. मग झोळीतलं वांगं काढून पात्यावर टेकवलं आणि उचललं. वांगं अख्खंच. साल जशीच्या तशी.

मी म्हटलं, "वहिनी, हिच्यापेक्षा मायचं बोळकं तोंड बरं चावतं."

वहिनीनं वांगं माझ्या हातात दिलं. हातात आल्यावर ते दोन फाकी होऊन उघडलं.

चिंधा डोकं खाजवत म्हणाला, "ही माझ्या भट्टीतली वाटत नाही. पण माझ्या तरटावर आहे, म्हणजे माझीच असेल."

माय तिथंच उकिडवी बसली होती. भिकूबाई म्हणत तिला. ती अहिराणीशिवाय दुसरं बोलत नसे. म्हणाली, "हाई नको. मुकी शे. पातं करकर बोलाले पाहिजे. भाजीले समजाले पाहिजे ना, का ती तुटनी!"

"भाजीला समजून काय करायचंय, आत्याबाई? गाऱ्हाणं घालणारे का ती?" वहिनी हसली. अशी धार तिनं जन्मात पाहिली नव्हती, आणि पारख करणाऱ्या माणसाचं मन असं काही दिसलं की थाऱ्यावर राहत नाही. जुनी विळी चिंधाला मोडीत देऊन आम्ही नवी घेऊन आलो. त्यानं ती हातात दिली नाही, रीतीप्रमाणं भुईवर ठेवली. वहिनीनं भुईवरून उचलली.

घरी सगळ्यांना मौज वाटली. वहिनी पायलीभर कांदे चिरायची, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. कच्ची केळी कापावीत तर चीक नाही. वांग्याच्या फोडी उघड्या ठेवून शेतात जावं, परत यावं, फोडी पांढऱ्याशुभ्र. गल्लीतल्या बाया बघायला येत. मी चावडीवर सांगितलं की, आमच्या विळीवर कापलेला कोंबडा रश्श्यातून आरवतो. तेवढं खोटं होतं.

बाकीचं खरं होतं.

श्रावणात ओट्याच्या कडेनं गंगाफळाचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल चढला होता. त्याला आलेलं तांब्याएवढं फळ वहिनीनं देठ विळीवर ओढून तोडलं आणि आतल्या घरात शिंक्यात ठेवलं. सणाला कापू म्हणून. चार-आठ दिवसांनी शिंक्याच्या दोऱ्या ताणल्या. फळ वाढत होतं. मी ते उतरवून बघितलं, देठ कोरडा, कुठं काही लागलेलं नाही. बाहेर वेलावर जिथून तोडलं होतं तिथला काप ओलाच. माझं मन हिशेबी, मी म्हटलं, पावसाची हवा आहे, पाणी ओढत असेल. पुन्हा शिंक्यात ठेवलं तर दोऱ्या तुटल्या.

मग एक दिवस शेजाऱ्याच्या शेळीनं तो वेल मुळापासून खाल्ला. दिवेलागणीला आतल्या घरात वास सुटला. गंगाफळ बसल्या जागी चिघळून खाली आलं होतं.

माय म्हणाली, "त्याले समजनंच नव्हतं, का आपन तुटनूत." वहिनीनं विळी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. मायनं सांगितलं होतं, नदीत टाक. वहिनीच्यानं ते झालं नाही. अशी धार पुन्हा कुठं मिळणार?

मार्गशीर्षात एका दुपारी वहिनीला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. मगनदादा आणि मी कपाशीत होतो. निरोप आला तसे धावत आलो आणि ओसरीवर थांबलो. पुढचं मला मायनं सांगितलं. सुईण बेबाबाई आली ती हात हलवत. तिचा विळा धार लावायला गेलेला. मूल बाहेर आलं, नाळ कापायला घरात काही नाही. जुनी विळी आम्ही मोडीत दिलेली, विळे-कोयते आमच्याबरोबर शेतात. मूल निळं पडत चाललं होतं. बेबाबाई ओरडली, "काही बी दे!" बाजूच्या पोरीनं माळ्यावरचं पोतं सोडलं.

माय पाणी घेऊन आत आली तोवर नाळ कापून झाली होती.

आम्ही ओसरीवर कान देऊन बसलो होतो. रडं ऐकू आलं नाही. मगनदादानं डोकं गुडघ्यात घातलं. मग बेबाबाई बाहेर येऊन म्हणाली, "मुलगा आहे. चांगला आहे. पण रडत नाही."

पाचवीला रीतीप्रमाणं पाटा-वरवंट्याशेजारी ती विळी मांडून पुजली, आणि पुढच्या बाजाराला मायनं ती स्वतः पांझरेत टाकली. मी पुलावर शेजारी उभा होतो. विळी पाण्यात गेली; आवाज आला नाही. पण विळी बुडाली म्हणून केलेला काप थोडाच बुडतो.

पोराचं नाव पितांबर ठेवलं. गोरं, हसरं पोर. त्याला भूक लागत नसे. वहिनी जेवली की तो तृप्तीनं डोळे मिटायचा. वहिनीनं ठेच्याचा घास घेतला की पाळण्यात त्याच्या नाकाला पाणी. पहिल्यांदा आम्ही हसलो. बोलायला लागला तेव्हा अंगणात गोट्या खेळताखेळता हात झटकून म्हणाला, "आईना हात भाजना." मी आत जाऊन बघितलं. वहिनी तव्याजवळ बोटं तोंडात धरून बसली होती.

त्यानंतर कुणी हसलं नाही.

वहिनी दोघांचं जेवायची आणि वाळत चालली. रडला मात्र तो कधीच नाही. पडला, खरचटला, विंचू चावला. नुसता बघत राहायचा, जणू ते दुसऱ्या कुणाला झालं. माय त्याच्याकडं बघून म्हणायची, "येले आजून समजनंच नई, का हाऊ जलमना."

तो सहाव्या वर्षात असताना वहिनीला हिवताप आला. पोराला ताप नव्हता, अंग गार होतं. पण तिनं डोळे मिटले की तोही जिथं असेल तिथं आडवा व्हायचा. एकदा तिची शुद्ध गेली, तेव्हा त्याच्या गालाला मी बोट लावलं. गाल आत गेला आणि तसाच राहिला. पिकून उतरलेल्या फळासारखा.

वहिनी वाचली, तोही उठला. अंथरुणात बसल्याबसल्या तिनं मला विचारलं, "मी मरी गऊ तर येनं कसं व्हई, भाऊ?"

हजार थापा मारणारा मी. एक सुचली नाही.

मायला मात्र सुचलं. ती म्हणाली, जे धारेनं तुटलं आणि कळलं नाही, ते बोथट्यानं तोडावं लागतं. आवाज व्हायला पाहिजे. रडला की सुटला.

मग वहिनी त्याला रडवायला लागली. बघवत नसे असा प्रकार. त्याची खेळणी चुलीत घातली. त्याला उन्हात उभं केलं. एकदा तिनं सगळा जीव एकवटून त्याला थोबाडीत मारली. त्याच्या गालावर बोटं उठली. गालाला त्यानं हातही लावला नाही. आपला उजवा तळवा चोळत बसला. वहिनीनं आपल्या तळव्याकडं बघितलं. तो झिणझिणत होता.

त्या दिवशी तिनं ठरवलं.

माझी बहीण ताईबाई भुसावळला दिलेली. तिचा नवरा रेल्वेत. मूलबाळ नाही. आम्ही धुळ्याहून गाडीत बसलो, चाळीसगावला बदलली, जळगावावरून भुसावळ. पितांबर खिडकीशी बसून हसत होता. मधेच म्हणाला, "आईना गळा दुखस." वहिनी समोरच्या बाकावर तोंडात पदर कोंबून बसली होती.

ताईबाईच्या क्वार्टरच्या दारात सकाळचं ऊन होतं. वहिनीनं पोराला ताईबाईच्या पुढ्यात उभं केलं. त्याच्या अंगरख्याची गुंडी लावली. मग दोन पावलं मागं सरली आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मी तुनी माय नई. हाई तुनी माय शे."

आणि वळली.

मी तिच्या शेजारून चालत होतो. "मांगं बघू नका, वहिनी," एवढंच म्हणालो. तिनं बघितलं नाही.

चाळीच्या टोकाशी आलो तेव्हा रडं ऐकू आलं.

मला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाच्या घरात बाळंतीण असेल. सहा वर्षांच्या पोराचं ते रडं नव्हतंच. ओलं, चिरकं, श्वासाला अडखळणारं. आत्ता जन्मलेल्या मुलाचं.

वहिनीचा पाय अडला. तिनं माझं मनगट धरलं. आम्ही चालत राहिलो.

ताईबाईनं पुढं सांगितलं, त्याच्या बेंबीतून रक्त आलं होतं. तिनं दोरा बांधला. रडणं थांबल्यावर तो भाकरीवर तुटून पडला. आणि तिला आई म्हणाला.

परतीच्या गाडीत वहिनी कोपऱ्यात बसली होती. जळगाव मागं पडलं तशी ती एकदम वाकली. आजारी वाटली म्हणून मी तांब्या पुढं केला. तिनं पदर घट्ट ओढून घेतला, पण लुगडं छातीशी ओलं झालेलं मला दिसलं. ओल पसरत होती. डब्यात दुधाचा वास आला.

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"गाडी मांगं फिरी का, भाऊ?" तिनं विचारलं.

"नाही, वहिनी."

"नको फिरू," ती म्हणाली. "जवळ गऊ तर परत जुडी जाई."

ती पुन्हा कधी भुसावळला गेली नाही. पितांबर मोठा झाला, रेल्वेत लागला, त्याचं लग्न झालं. लग्नात वहिनी मांडवाच्या कडेला उभी होती. तो पाया पडला तेव्हा तिला मामी म्हणाला. तिनं आशीर्वाद दिला आणि पदर सावरत लगबगीनं आत गेली. कुणाकडून भुसावळची खबर आली की ती एवढंच विचारायची, भूक लागते ना त्याला? लागते म्हटलं की बरं म्हणायची. लोकांच्या विळ्या निवडायला ती कुठंच गेली नाही.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. साठी उलटली होती, केस कापसासारखे. मगनदादा आणि माय आधीच गेलेले. ताईबाईसोबत पितांबरही आला होता, मामीच्या मातीला. मी ओसरीवर बसलो होतो. आत बायका तिला अंघोळ घालत होत्या.

शेजारची यशोदाबाई मधेच बाहेर आली. हात लुगड्याला पुसत होती. पुसले, बघितले, पुन्हा पुसले. मग माझ्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली,

"आबा, इनं दूध पेतं लेकरू कोठे शे?"

अंगणात पितांबर तिरडीच्या सुतळीला गाठ मारत होता. त्यानं मान वर केली नाही.