डाव्या कानाखालची जखम

"हे कायले नेऊन राहिल्या तुम्ही?"

मी मान वर केली. सायकलची चेन बसवायला गॅरेजात थांबलेला एक मुलगा होता. हात काळेकुट्ट, शर्ट पांढराशुभ्र आणि नजर माझ्या हातातल्या डब्यावर... डब्यात ट्रकचं जळकं ऑईल होतं.

"भजे तळायले," मी म्हटलं.

दुसरा कोणी असता तर हसला असता. हा हसला नाही. "कुत्र्याले लावता ना?"

"खाज आहे त्याले. सारी वाडी हेच लावते."

"मंग सारी वाडी चुकते. कुत्रा अंग चाटते, हे त्याच्या पोटात जाते. खाज राहते बाजूले अन् कुत्राच जाते."

आणि मी काही बोलायच्या आत त्यानं डबा माझ्या हातातून घेतला नि मिस्त्रीच्या पिंपात पुन्हा ओतून टाकला. असा संताप झाला माझा! मिस्त्रीच्या दहा विनवण्या करून मिळवलं होतं ते ऑईल.

"तुम्ही कोण मोठे लागून गेले?"

"अनंत. गुरांच्या कॉलेजात होतो शेवटच्या वर्षाले. परीक्षा झाली, निकाल राहिला."

"म्हणजे अर्धे डॉक्टर."

"पाऊण," तो म्हणाला, आणि आता मात्र हसला. "किती वेळा लावलं आतापर्यंत?"

"आज पहिल्यांदाच लावणार होते," मी म्हटलं. खरं म्हणजे दोन दिवस लावत होते. माझ्या नखांत काळं भरलेलं होतं. त्यानं ते पाहिलं.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा मे होता. अमरावती रोडवर दुपारी डांबर पायाला चिकटायचं. माझे बाबा, चंपतराव, शहराबाहेरच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर चौकीदार होते आणि आम्ही तिथल्याच एका खोलीत राहत होतो. पूर्वी बाबा ट्रक चालवायचे. पठाणकोटहून परतताना एकदा केबिनमध्ये हे केसाळ पिल्लू घेऊन आले. वाडीच्या जकात नाक्यावर त्यानं पहिल्यांदा जमिनीवर पाय टेकले, म्हणून तो नाक्या. आई गेली, बाबांची गाडी सुटली, पण नाक्या राहिला.

बाबांची गाडी का सुटली, ते आम्हा दोघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांना दिसेनासं झालं होतं. आता तर नुसत्या सावल्या कळायच्या. गोदामाच्या फेऱ्या ते नाक्याच्या मानेवरचे केस मुठीत धरून मारायचे. नाक्या वळला की वळायचे, थांबला की थांबायचे. चार वर्षं हे असं चाललं होतं. मला दोन स्थळं सांगून आली, दोन्ही मीच मोडली. मी गेले असते तर बाबांना कोणी सांभाळलं असतं? आणि सांगितलं असतं तर नोकरीही गेली असती, खोलीही.

त्यात नाक्याच्या डाव्या कानाखाली ही जखम झाली. तिला वास यायला लागला. गोदामाचे मॅनेजर गोपाळराव नाकाला रुमाल लावून म्हणाले, "व्यापारी तक्रार करतात, चंपतराव. दहा दिवस देतो. कुत्रा बरा झाला नाही तर कमिटीची गाडी बोलावतो." कमिटीच्या कुत्रे धरणाऱ्या गाडीतून गेलेला एकही कुत्रा परत आलेला नव्हता.

म्हणून त्या संध्याकाळी तो पाऊण डॉक्टर दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी त्याला आत घेतलं. राग गिळला.

"कोण हाय वं?" बाबांनी विचारलं. "राम राम," ते भिंतीकडे पाहून म्हणाले.

"चष्मा विसरले बाबा," मी घाईनं म्हटलं. हे माझं दुसरं खोटं.

अनंत जमिनीवर बसला. नाक्याला त्यानं आधी आपला हात हुंगू दिला, मग केस बाजूला केले. खाली लालभडक, ओलं मांस होतं, तळहाताएवढं.

"खरूज नाही ही," तो म्हणाला. "ओली खाज म्हणा. इंग्रजीत हॉट स्पॉट. एकाची दुसऱ्याले लागत नाही. दाट केसाखाली ओल राहिली की होते. थो खाजवते, म्हणून वाढते... अन् वाढते म्हणून खाजवते. दुपारी कुठं निजते हा?"

मी बोट दाखवलं. ऑफिसच्या खिडकीला वाळ्याची ताटी होती. दिवसातून पाच वेळा मी तिच्यावर पाणी मारायची. नाक्या तिच्याखालीच पसरायचा, आणि उन्हानं त्याचे हाल होतात म्हणून मी त्याच्या अंगावरही दोन तांबे ओतायची. मायेनं ओतायची.

"म्हणजे मीच..."

"तुम्ही नाही. पाणी," तो म्हणाला. किती हलक्या आवाजात म्हणाला!

मी नाक्याचं तोंड मांडीवर धरलं. अनंतनं कात्रीनं जखमेभोवतीचे केस कापले, चांगली कातडी दिसेपर्यंत. रिठ्याच्या कोमट पाण्यानं ऑईल काढलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पहिल्यांदाच लावणार होत्या, नाही?" माझे कान तापले. मग मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपून कोरडी केली आणि जांभळं औषध लावलं. शेवटी आपल्या बुटातला एक मोजा काढून त्यानं नाक्याच्या मागच्या पायाला बांधला, नख लागू नये म्हणून.

"अन् तुम्ही?"

"मले कुठं खाज आहे," तो म्हणाला आणि एका पायात मोजा घालून निघून गेला. दारामागे उभी राहून मी कितीतरी वेळ हसत होते. इतक्या दिवसांत मी हसले नव्हते.

मग तो रोज सहाला यायला लागला. त्याची भाड्याची खोली गोदामामागेच होती. नाक्याची जागा आम्ही कोरड्या ओसरीवर केली. मी एका बाजूनं फणी फिरवायची, तो दुसऱ्या बाजूनं; सापडलेले गोचीड रॉकेलच्या डबीत. पाठीच्या मधोमध कधी कधी बोटांना बोटं लागायची...

"तुमचा हात काहून थरथरते?"

"गोचिडामुळे."

"इथं तर एकही नाही."

"मंग तुम्ही काय शोधून राहिले इथं?" मी विचारलं, आणि तो पाऊण डॉक्टर पुरता लाल झाला.

चौथ्या दिवशी जखम पुन्हा ओली झाली. खपली निघालेली, कडा लाल. अनंत खाली वाकला आणि त्यानं नाक्याची मान हुंगली.

"तंबाखू. चुना." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "इथं कोण धरते याले?"

बाबा तंबाखू-चुना मळायचे आणि त्याच घामेजल्या हातानं नाक्याची मान धरायचे. मला तेव्हाच सगळं कळलं. तरीही मी म्हटलं, "कोणी नाही."

"रोज धरते कोणी तरी. डाव्याच बाजूले."

"सांगतलं ना, कोणी नाही!"

तो औषधाची बाटली माझ्याजवळ ठेवून उठला. "खरं नाही सांगणार तर हे पाणीच आहे," म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. सहा वाजले, साडेसहा झाले... फणी हातात घेऊन मी ओसरीवर बसून होते. त्या एका संध्याकाळी मला कळून चुकलं की मी नुसती नाक्यासाठी वाट पाहत नाही. हे कळलं आणि भीतीच वाटली. मी लग्नाचं मनातून काढून टाकलं होतं, ते सोपं होतं. आता ते सोपं राहिलं नव्हतं.

सकाळी तो नळावर बादली भरत होता, तिथे गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाबांचे डोळे, फेऱ्या, मूठ, चुना. मोडलेल्या स्थळांचंही सांगून टाकलं. बादली भरून वाहत होती आणि नळ बंद करायचं त्याच्याही लक्षात नव्हतं.

"मले पहिल्या दिवशीच समजलं होतं," तो म्हणाला. "त्यांनी भिंतीले राम राम केला."

"मंग बोलले काहून नाही?"

"सांगायले तुम्ही पाहिजे होत्या. मी कोण..." तो थांबला. "पण आता त्यांचा हात तिथून सुटला पाहिजे, प्रेमिला. एक दिवस नाही, पुरे आठ दिवस."

त्यानं पहिल्यांदा मला नावानं हाक मारली होती, आणि कशासाठी, तर हे सांगण्यासाठी.

संध्याकाळी तो बाबांसमोर येऊन उभा राहिला. "काका, फेरीले माझ्या खांद्यावर हात ठेवा."

बाबांचा चेहरा दगडासारखा झाला. त्यांनी माझ्या दिशेला मान वळवली, आणि मी सांगितलं हे त्यांना कळलं. "मले नाही लागत कोणाचा आधार."

"आधार नाही गा काका. नाक्याले सुट्टी पाहिजे."

बाबांनी हात धोतराला पुसला आणि पुढे केला. अनंत त्या हाताखाली जाऊन उभा राहिला. दिवेलागणीला ते दोघं ताडपत्र्यांच्या ढिगांमधून जाताना मी पाहत होते. अनंत बोलत नव्हता, दाखवत नव्हता, नुसता बाबांच्या चालीनं चालत होता. ओसरीवर नाक्या केविलवाणं कुईकुई करत होता. त्याच वेळी मी अनंतच्या प्रेमात पडले, पुरती, हातचं काही न राखता.

तीन दिवसांत जखम कोरडी पडली. दहाव्या दिवशी गोपाळराव आले. नाक्याच्या मानेवर जांभळा डाग आणि बोडखी कातडी होती, पण ओल नव्हती, वास नव्हता.

"बरा झाला साहेब," अनंत म्हणाला. "लागण्यासारखं नाही यात काही."

"आणि जखम पुन्हा झाली तर? मधे एकदा उलटली म्हणे. कारण काय होतं तिचं?"

अनंतनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सांगितलं असतं तर बाबांची भाकरी गेली असती.

"डॉक्टर म्हणवता आणि कारण सांगता येत नाही! नाही, मला खात्री नाही. सोमवारी गाडी येईल."

"ते कारण मी हाय साहेब," बाबा म्हणाले.

मी "बाबा!" म्हणून ओरडले. त्यांनी हातानं मला थांबवलं.

"मले दिसत नाही. चार वर्षं झाले. याची मान धरून तुमचं गोदाम राखलं. माझ्याच हातानं त्याले जखम केली. आता हात काढला, तर ते भरली. जनावरात खोट नाही, माणसात हाय."

गोपाळरावांनी बाबांच्या डोळ्यांसमोर हळूच हात हलवला. बाबांची पापणी लवली नाही. गोपाळराव वाईट माणूस नव्हते. ते खुर्चीत बसून राहिले. "लाखांचा माल आहे, चंपतराव," शेवटी म्हणाले, "माझा इलाज नाही. महिनाअखेर खोली सोडा. कुत्रा हवा तर राहू द्या इथे."

"कुत्रा माझा हाय साहेब."

ते गेल्यावर मी रडले. बाबा माझ्याजवळ आले, चाचपडत. माझ्यासमोर कधी चाचपडत नसत. "या मुक्या जिवाची मान धरून मी तुयं लग्न अडवून बसलो होतो वं," ते म्हणाले. "मले दिसत नाही, पण ऐकू येते. दोन्ही पाहुण्यांले तू काय सांगतलं, ते मी ऐकलं होतं." मी त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं.

एकतीस तारखेला दारात सायकलरिक्षा उभी राहिली. शहरात, महाल भागातल्या रुखमाबाई आत्याकडे जायचं ठरलं होतं. वळकटी अनंतनं बांधली. बाबा रिक्षात बसले, त्यांच्या पायाशी नाक्या.

"आंघोळ घातली की पुरा कोरडा करा," अनंत सांगत होता. "रोज फणी. पावसाळ्यात कानाखाली, शेपटीजवळ बोटं घालून पाहा... ओलं लागलं तर केस कापा. अन् एकटा बांधून ठेवू नका, कंटाळला की चाटत बसते..."

"हे तिसऱ्यांदा सांगून राहिले तुम्ही. दुसरं काही आहे का सांगायचं?"

त्यानं खिशातून निळं अंतर्देशीय पत्र काढलं. बोटं थरथरत होती — आणि इथे तर एकही गोचीड नव्हता. "मी गावाले, खाप्याले, आईले लिहिलं होतं... सारं. तिचं उत्तर आहे."

"सारं म्हणजे? माझं खोटं बोलणंही?"

"हो. तीनही वेळचं."

"अन् बाबांचं?"

"ते पहिल्या ओळीत."

मला वाचवेना, पण वाचलं. त्याच्या आईनं शेजारच्या बाईंकडून लिहून घेतलं होतं. माझा रंग विचारला नव्हता, शिक्षण विचारलं नव्हतं, काय देता-घेता तेही नाही. 'मुलीच्या मनात असेल तर लवकर कळव,' एवढंच होतं, आणि खाली, 'विहिरीकडच्या खोलीला तीन पायऱ्या आहेत. तिच्या वडिलांना त्रास होईल. पावसाळ्याआधी गवंडी बोलावून तिथे उतार करून घेते.'

"काय लिहिलं वं?" बाबांनी रिक्षातून विचारलं.

मी मोठ्यानं वाचायला लागले. पायऱ्यांपाशी माझा आवाज फुटला, पुढचं अनंतनं वाचलं. रिक्षावाला घंटीवर बोट ठेवून थांबला होता.

"किती म्हणते पायऱ्या?" बऱ्याच वेळानं बाबांनी विचारलं.

"तीन."

"तीन तर मी मोजून चढतो." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "तोडू नको म्हणा त्या माउलीले. खर्च कायले करते..."

अनंत माझ्याकडे पाहत होता. बाबांसमोर, रिक्षावाल्यासमोर, भर रस्त्यात मी म्हटलं, "मले तुम्ही पाहिजे. आईले तसं लिहा."

त्यानं ते पत्र घडी करून पुन्हा खिशात ठेवलं आणि रिक्षाबरोबर चालायला लागला, पार महालापर्यंत.