बाराव्या नळीतली रेघ

आमच्या पशुरोग प्रयोगशाळेत नमुने सकाळी अकरापर्यंतच घेतात. त्या मंगळवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना मावशी खिडकीशी आल्या. मी त्यांना सहा वर्षांनी पाहत होते. गोठेवाल्या मावशी, केस पार पांढरे झाले होते. त्यांनी पिशवीतून अकरा बाटल्या काढून ओळीने मांडल्या. प्रत्येकीत ओलसर खपली, तिला चिकटलेले चार केस. चिठ्ठ्यांवर गाईंची नावं: भुरी, हट्टी, थोरली, लाजरी...

"पुन्हा गाई घेतल्यात?" मी विचारलं.

"नाही हो बाई. त्याच आहेत."

मी चिठ्ठ्यांवरची नावं पुन्हा वाचली.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या गाईंची कातडी सोलवटायला लागली होती. ज्या जिवाणूवर संशय होता, तो धडधाकट जनावराच्या अंगावरही असतो. कातडी सोलणारं विष तयार करायचा जनुक त्याच्यात असला, तरच तो घातक. तसा जनुक सापडला की अख्खा कळप मारायचा, असा तेव्हा नियम होता. मी चाचणी केली. अकराही नळ्यांत जनुकाची रेघ उमटली. आणि पडताळणीसाठी नुसतं पाणी घातलेल्या, कोरीच राहायला हव्या अशा बाराव्या नळीतही, अगदी पुसट.

म्हणजे माझ्याच हातून कुठेतरी बाहेरचं काहीतरी नळ्यांत मिसळलं होतं. चाचणी पुन्हा करायला हवी होती. पण साहेब दारात उभे होते.

"झालं का?"

"झालं," मी म्हणाले आणि सही केली. त्याच आठवड्यात अकराही गाई मारल्या गेल्या. त्या बाराव्या रेघेबद्दल मी आजवर कुणापाशी बोलले नव्हते.

मावशींच्या डोक्यावर परिणाम झाला असेल, कुठल्यातरी जनावरांच्या खपल्या गोळा करून आणल्या असतील, अशी मी मनाची समजूत घातली. तरी नमुने घेतले. या खेपेला चाचणी तीनदा केली. जिवाणू तोच होता. विषाच्या जनुकाची रेघ एकाही नळीत नव्हती.

शुक्रवारी दुपारी रिपोर्ट घेऊन मी स्वतःच गोठ्यावर गेले. गव्हाणी कोरड्या, कोपऱ्यांत जळमटं. जमीन मात्र उबदार होती. चपलेतून कळत होतं. मावशी पालथ्या बादलीवर बसून घमेल्यात औषधाचं पाणी कालवत होत्या.

"दुपारच्याच येतात," त्या म्हणाल्या. "बऱ्या होतायत हळूहळू."

त्यांनी फडकं भिजवून समोर, खांद्याच्या उंचीवर पिळलं. पाणी सरळ खाली पडलं नाही. कशाला तरी वळसा घालून, ओघळत ओघळत खाली आलं.

मी दाराची चौकट धरली.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"विष नाही, मावशी. तेव्हाही... नसावं. चूक माझी होती. मला तेव्हाच कळलं होतं."

त्यांनी फडकं घमेल्यात ठेवलं.

"म्हणजे औषधाने बऱ्या झाल्या असत्या?"

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डोळे पुसले आणि रिकाम्या गोठ्याकडे वळून हलकेच म्हणाल्या, "ऐकलंत ना गं?"

मला त्यांच्याजवळ बसावंसं वाटलं. मी एक पाऊल आत टाकलं.

खुंट्यांना बांधलेली अकरा दावी जमिनीवर सैल पडली होती.

एकेक करून ती उचलली गेली. ताठ झाली.

सगळी माझ्यापासून लांब, पलीकडच्या भिंतीकडे.