दोन बोटं लेप

निर्घर्ष लेपाच्या बरणीवर डॉ. कुमुद सोनटक्के यांनी पेनने रेघ मारली होती, घरी साजूक तुपाच्या बरणीवर मारायच्या तशीच. ओला असताना हा लेप नुसता पातळ तेलासारखा. दहा मिनिटांत वाळला, की त्या जागेला घर्षण म्हणून उरत नसे. आठवड्यात लेप रेघेखाली दोन बोटं उतरला होता. प्रयोगशाळेची दुसरी किल्ली फक्त मदतनीस पराग उंबरकरकडे. संपलं, चोर सापडला.

बडतर्फीचा कागद टेबलावर मांडून त्यांनी परागला बोलावलं. तो येईस्तोवर काचकांडी बुडवून पातळी पुन्हा मोजली. आज हातमोजे घातले नाहीत. हातमोजे परागनेच आणले होते.

"मॅडम, चोरलेला लेप मी ठेवू कुठे?" पराग म्हणाला. "खिशात सांडला तर शिवण सुटेल. पिशवीला लागला तर गाठ. शिवण, गाठ, खिळा, सगळं घर्षणावर टिकतं. आपल्या बरणीला फिरकीचं झाकण का नाही? आटे धरणार नाहीत म्हणून. वर दोन किलोचं वजन ठेवावं लागतं."

"हे मीच शिकवलंय तुला. विषय बदलू नकोस. माझे चार रुमालही गेलेत. ड्रॉवरमध्ये नुसते सुटे धागे! पुरावा नष्ट करायची ही कुठली तऱ्हा?"

परागने ड्रॉवर उघडून धागे पाहिले. "रुमालाने काय पुसत होतात?"

"कांडी. दर अर्ध्या तासाने मोजते. पाळत नको ठेवायला?"

"आणि आज कशाने पुसली?"

"रुमाल ठेवलेस कुठे तू? हातांनीच. मग हातावर हात चोळले."

"किती वेळ झाला?"

"झाली असतील दहा मिनिटं. का रे?"

"काही नाही. करा सही."

पेन बोटांतून सुळकन निसटून टेबलाखाली गेलं. परागने उचलून दिलं. पुन्हा सुळकन. तिसऱ्या खेपेला त्यांनी दातओठ खाऊन आवळलं, तेव्हा ते उडून परागच्या चष्म्यावर आदळलं.

"दाब वाढवून उपयोग नाही, मॅडम. शून्याला कितीनेही गुणा."

कुमुदताईंनी हातांकडे पाहिलं, मग बरणीकडे. दर अर्ध्या तासाने एक कांडी. त्यांनी कागद फाडायला घेतला. बोटं त्यावरून नुसती घसरत राहिली.

"फाड तूच," शेवटी त्या म्हणाल्या.

परागने कागद टराटरा फाडला.

"तुकडे इकडे दे."

"तुम्हाला धरता येणार नाहीत."

"धरायचे नाहीत. मोजायचे आहेत."